आगगाडीची ओढ आणि रुळांवरचे वाटसरू

ज्या घरापासून लोहमार्ग जवळ असतो, त्या घरातील मुलांस वेळ ओळखण्यासाठी घड्याळ फारसे लागत नाही. अमुक गाडी गेली म्हणजे शाळेस निघावयाचे, तमुक गाडीची शीळ आली म्हणजे आजोबा दुपारच्या चहास उठणार, हे कोष्टक त्यांच्या अंगी आपोआप मुरते. जालना, बदनापूर, रांजणी, परतूर या गावांचे आगगाडीशी असे घरगुती नाते शंभरावर वर्षे चालत आले आहे. 'जालना सोन्याचा पालना' ही म्हण जुन्या व्यापारपेठेच्या वैभवाची. तो पालना गेली सव्वाशे वर्षे रुळांच्या दोन दोऱ्यांवरही हलत आहे, असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही.

हा मार्ग निजामाच्या राज्यात हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे या नावाने बांधला गेला आणि १९०१ च्या सुमारास सिकंदराबादेपासून मनमाडपर्यंत संबंध खुला झाला. लांबी सुमारे ३९० मैल, रुंदी एक मीटर. इंग्रजी मुलुखातील मोठ्या लाईनीची रुंदी साडेपाच फूट असल्यामुळे मनमाडास पोहोचल्यावर मनुष्यानेच काय, कापसाच्या गठ्ठ्यानेही गाडी बदलणे प्राप्त होते. निजामाच्या राज्यातील माणसास मुंबई म्हणजे आधी मनमाड, असा भूगोल कित्येक पिढ्यांच्या मनात बसून गेला तो यामुळेच. रात्री-अपरात्री लहान गाडीतून उतरावयाचे, वळकट्या, ट्रंका आणि पेंगुळलेली पोरे मोजावयाची, आणि हमालाच्या मागे पलीकडच्या फलाटावर धावावयाचे. ज्यांनी ही धावपळ केली आहे त्यांस ती आज आठवते ती मोठ्या गोडीने. त्या वेळी मात्र घरची वडील स्त्री मुलांची डोकी तिसऱ्यांदा मोजीत असे, आणि तिच्या तोंडून गोडीचा एकही शब्द निघत नसे!

प्रवासाची तयारी हाही एक संस्कारच होता. जुन्या वळणाच्या कुटुंबांत वाटेत पाण्याचे अन्न चालत नसे. म्हणून दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या, दाण्याची चटणी, लिंबाचे लोणचे आणि फिरकीच्या तांब्यात घरचे पाणी, अशी शिदोरी बरोबर असे. गाडी सुटून स्टेशनाचे दिवे दिसेनासे झाले न झाले तोच मुलांस भूक लागे. घरी जी दशमी नकोशी वाटते ती खिडकीशी बसून खाल्ली की अमृतासारखी लागते. वाफेच्या इंजिनाचा कोळसा डोळ्यात जाई, पदराच्या टोकाने तो काढला जाई, आणि पुन्हा डोके खिडकीबाहेर! काचीगुडा–मनमाड धावणारी अजंता एक्स्प्रेस ही एके काळी मीटर रुंदीच्या मार्गावरील वेगवान गाड्यांत गणली जाई, याचा अभिमान या बाजूच्या मंडळींस अद्याप आहे. पुढे १९९० नंतरच्या दशकात हा मार्ग मोठ्या लाईनीचा झाला आणि मनमाडची ती धावपळ इतिहासजमा झाली.

आगगाडीच्या या मोहास दुसरी एक बाजू आहे आणि ती आमच्या एकत्र कुटुंबांस चांगली परिचयाची आहे. फार थोडी घरे अशी सापडतील की ज्यांच्या वंशवृक्षावर 'रागावून निघून गेला' असा एखादा काका किंवा चुलत-आजोबा नाही. परीक्षेचा निकाल, वडिलांचा एखादा कठोर शब्द, नको असलेले लग्न. कारण काही असो, पाय वळत ते स्टेशनाकडे. पूर्वी मनुष्य घर सोडी तो चार कोसांवरच्या मामाच्या गावी सापडे. आगगाडी आल्यापासून एका रात्रीत तो अशा ठिकाणी जाऊ लागला की जेथे त्याचे आडनाव कोणास ठाऊक नाही. वृत्तपत्रांतून त्याच्या छायाचित्राखाली 'आई अंथरुणास खिळली आहे, कोणी रागावणार नाही, असशील तेथून ये' असा मजकूर छापला जाई. तो छापून आणणारा बाप बहुधा तोच असे, ज्याच्या शब्दावरून सारे घडले.

घर सोडण्याची ही परंपरा अर्थातच रुळांहून जुनी आहे, आणि जालना जिल्ह्यास तर त्या बाबतीत मोठाच मान आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली या जिल्ह्यातील जांब येथे झाला. लग्नाच्या मांडवात 'सावधान' हा शब्द कानी पडताच बारा वर्षांचा नारायण खरोखरीच सावध झाला आणि पळाला, ही कथा आमच्या वाचकांस सांगावयास नको. जांबेहून नाशिक, तेथे टाकळीस बारा वर्षे तप, त्यानंतर बारा वर्षे देशभर भ्रमण. आणि हे सर्व पायी. परंतु त्याच परंपरेने जतन केलेली दुसरी गोष्ट आम्हांस तितकीच महत्त्वाची वाटते. पुत्र चोवीस वर्षांनी दारात उभा राहिला तेव्हा माता राणूबाईंची दृष्टी रडून रडून गेली होती, असे ती सांगते. जाणाऱ्याच्या भ्रमणाचे चरित्र होते. मागे राहिलेल्याचे डोळे जातात.

आगगाडीच्या युगातील असा एक थोर भ्रमंतीकार म्हणजे धर्मानंद कोसंबी. गोव्यातील साखवाळ गावचा हा तरुण बौद्ध धर्माच्या जिज्ञासेने १८९९ साली घराबाहेर पडला. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बुद्धगया, सिंहलद्वीप; कोठे गाडीने, कोठे पायी, काशीस अन्नछत्रात जेवून संस्कृतचे अध्ययन, असा त्यांचा क्रम. खिशात पैसा नसताना विद्येच्या एका धाग्यावर मनुष्य किती दूर जाऊ शकतो, हे पाहावयाचे असेल तर त्यांचे १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेले 'निवेदन' हे आत्मचरित्र अवश्य वाचावे. मात्र वाचताना साखवाळच्या घरी राहिलेल्या बाळाबाईंकडेही लक्ष असू द्यावे. पती निघून गेला तेव्हा त्यांच्या मांडीवर तान्ही मुलगी होती. आमच्या वाचकभगिनींस त्या वर्षांची कल्पना आमच्याहून अधिक चांगली येईल.

आता थोडे दूरदेशी जाऊ, कारण रुळांवरच्या भटकंतीस जगभर जे नाव मिळाले ते अमेरिकेतून आले. तिकडे 'होबो' नावाचा एक वर्ग होता. १८६५ साली यादवी युद्ध संपले, रणांगणावरून परतलेल्या हजारो तरुणांस काम नव्हते, आणि त्याच काळात रुळांचे जाळे महासागरापासून महासागरापर्यंत पसरत चालले होते. कॅन्ससचा गहू, कॅलिफोर्नियाची फळे, वायव्येकडील जंगलांतली लाकूडतोड ही सारी हंगामी कामे, एकमेकांपासून शेकडो मैल दूर. हंगामास हात हवेत, हंगाम संपला की ते नकोत. मग हे हात मालगाडीच्या रिकाम्या डब्यात, छपरावर, प्रसंगी डब्याखालच्या दांड्यांना धरून एका कामावरून दुसऱ्या कामावर जात. होबोंस स्वतःचा अभिमान असा की, आम्ही भटकतो ते कामासाठी. जो भटकतो पण काम करीत नाही तो निराळा, आणि जो भटकतही नाही व कामही करीत नाही तो सर्वांत खालचा. अशी वर्णव्यवस्था तेथेही होती, हे पाहून आमच्या काही वाचकांस हसू येईल!

जॅक लंडन हा विख्यात लेखक १८९४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, असाच भटकला. भटकेपणाच्या गुन्ह्याखाली त्याने तीस दिवस तुरुंगवासही भोगला. त्या दिवसांवर त्याने १९०७ मध्ये 'दि रोड' हे पुस्तक लिहिले. नेल्स अँडरसन या दुसऱ्या एका गृहस्थाने स्वतः होबो म्हणून दिवस काढल्यावर विश्वविद्यालयात जाऊन १९२३ साली त्या जीवनाचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. गाणी झाली, चित्रपट झाले. आयोवा प्रांतातील ब्रिट नावाच्या लहानशा गावी १९०० पासून होबोंचे संमेलन भरते; तेथे दरसाल एक राजा व एक राणी निवडली जाते आणि मोठ्या कढईत सर्वांसाठी रस्सा शिजतो. एखाद्या दुःखाची जत्रा झाली म्हणजे ते जुने झाले असे समजावे. त्या गाण्यांत जे सहसा येत नाही ते सरकारी तक्त्यांत आहे. १९०१ ते १९०५ या पाच वर्षांत अमेरिकेच्या लोहमार्गांवर सुमारे २४,००० माणसे 'हद्दीत विनापरवाना शिरलेले' या सदराखाली मेली. त्यांत होबो पुष्कळ. हे सदर वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे.

आमच्या देशात होबो झाले नाहीत असे कोणी म्हणेल. बिनतिकीट साधू आहेत, यात्रेकरू आहेत, परंतु मालगाडीच्या छपरावरून हंगामामागे धावणारा वर्ग कोठे आहे? आमच्या मते तो वर्ग आहे आणि फार मोठा आहे. केवळ तो मालगाडीऐवजी सामान्य डब्यात बसतो, एवढेच. महात्मा गांधींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांची दैना स्वतःच्या अनुभवावरून लिहिली; तिसऱ्या वर्गाचे नाव आज गेले आहे, परंतु सामान्य डब्याच्या दाराशी एका पायावर उभा राहून रात्र काढणारा मनुष्य गेलेला नाही. तो सहलीस निघालेला नसतो. त्याच्या गावी काम नाही आणि जेथे काम आहे तेथे त्याचे घर नाही.

जालना हे अशा माणसांचे एक मोठे ठिकाण आहे. मोसंबी आणि बियाणे यांच्या जोडीला या शहराने गेल्या काही दशकांत पोलादात नाव मिळविले. मोडीचे लोखंड भट्टीत वितळवावयाचे, त्याचे ठोकळे ओतावयाचे, ते लाल तापवून लाटावयाचे आणि त्यांच्या सळया काढावयाच्या, हा तो धंदा. आपल्या नव्या घराच्या स्लॅबमध्ये ज्या सळया असतात त्यांतील कित्येक येथून आलेल्या असतील. त्या भट्टीसमोर उभे राहणारे हात बरेचसे मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, बिहार येथून येतात. मराठवाड्याच्या वैशाखात भट्टीपुढे उभे राहणे म्हणजे काय, हे येथे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही.

२०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली आणि प्रवासी गाड्या थांबल्या. दोन महायुद्धांतही जे घडले नव्हते ते घडले. बहुतेक कामे बंद, हाती पैसा नाही, गाव शेकडो मैल दूर. १ मेपासून मजुरांसाठी खास श्रमिक गाड्या सुरू झाल्या. परंतु त्यांत जागा मिळविण्यासाठी नाव नोंदवावयाचे, परवाना मिळवावयाचा, आणि गाडी कोठून सुटणार ते कळावयाचे, हे सर्व व्हावे लागे. ७ मे रोजी सायंकाळी जालन्यातील पोलाद कारखान्यात काम करणारे वीस मजूर पायीच निघाले. ते मध्य प्रदेशातील, मुख्यतः उमरिया आणि शहडोल या जिल्ह्यांतले. भुसावळच्या बाजूस गेल्यास गावाकडची गाडी मिळेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रथम ते रस्त्याने गेले, बदनापुरानजीक त्यांनी लोहमार्ग धरला. त्या रात्री वैशाखी पौर्णिमा, बुद्धपौर्णिमा होती. चांदणे टिपूर असणार आणि खडीवर रूळ चमकत असणार.

सुमारे ३५ ते ४० किलोमीटर चालून झाल्यावर करमाडच्या अलीकडे सटाणे शिवारात ते विसाव्यास थांबले आणि बहुतेकांस रुळांवरच झोप लागली. ८ मे रोजी पहाटे सव्वापाचच्या सुमारास मनमाडजवळील पानेवाडीकडे निघालेली, पेट्रोलच्या रिकाम्या टाक्यांची मालगाडी आली. चालकाने माणसे पाहिली, शीळ वाजविली, ब्रेक लावले. गाडी थांबेपर्यंत व्हावयाचे ते होऊन गेले होते. सोळा जण मेले. तिघे रुळांपासून काही अंतरावर झोपले होते. त्यांनी ओरडून साथीदारांस उठविण्याचा प्रयत्न केला. सकाळी वृत्तपत्रांच्या छायाचित्रांतून देशाने पाहिले ते रुळांमधील खडीवर विखुरलेल्या भाकरी-पोळ्या आणि चपला. ती शिदोरी होती. वाटेस निघताना बांधून घेतलेले अन्न, आपण बांधतो तसेच.

त्या सकाळी घरोघरी एकच प्रश्न विचारला गेला, आणि तो आम्हीही ऐकला: रुळांवर का झोपावे? पुढे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे निघाले तेव्हा, लोक रुळांवरच झोपले तर ते कोण कसे थांबविणार, अशा आशयाचा उद्गार न्यायासनावरूनही आला. प्रश्न निर्दयपणाने विचारला गेला असे आम्ही म्हणत नाही. परंतु तो गाडीच्या खिडकीतून विचारलेला प्रश्न आहे. पायी चालणाऱ्यास त्याचे उत्तर फारसे अवघड नाही. रस्त्यावर नाके आहेत, नाक्यावर पोलीस आहेत, परत पाठविले जाण्याचे भय आहे. परमुलुखात, अंधारात, कोणास वाट न विचारता ज्याच्या आधाराने चुकावयाचे नाही अशी एकच वाट असते, आणि ती म्हणजे रूळ. दोन्ही बाजूंस काळ्या मातीची रानें, त्यांत विंचूकाट्याचे भय. लोहमार्गाचा भराव तेवढा उंच आणि मोकळा. शिवाय गाड्या बंद आहेत, असे सारा देशच दीड महिना ऐकत होता. वाचलेल्यांनीही तेच सांगितले. मालगाड्या बंद नव्हत्या, उलट धान्य व इंधन पोहोचविण्यासाठी त्या अखंड चालू होत्या. परंतु हे ज्याच्या घरी रोज वृत्तपत्र येते त्यास ठाऊक. भट्टीवरच्या मजुरास ते कोणी सांगितले होते?

रुळांवरून चालण्याचा अधिकार ज्यास आहे असा मनुष्य म्हणजे रेल्वेचा कीमन. रोज पहाटे हातोडा, पाना आणि लाल झेंडी घेऊन तो आपल्या वाट्याचा मार्ग पायी तपासतो. रुळास जखडणाऱ्या पकडी ढिल्या झाल्या असतील तर ठोकून बसवितो. पावसाळ्यात रात्री गस्तवाला दिवा घेऊन फिरतो आणि पुढे रूळ उखडलेला किंवा भराव वाहून गेलेला दिसल्यास रुळावर फटाके लावून चालकास इशारा देतो. आपण बर्थवर निश्चिंत झोपतो ते या पायी चालणाऱ्यांच्या भरवशावर. त्याखेरीज रुळावर जो कोणी पाऊल ठेवील तो १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या भाषेत विनापरवाना शिरलेला, म्हणजे अपराधी. जे सदर अमेरिकेच्या तक्त्यात होबोंसाठी होते त्याच सदरात सटाणे शिवारातील ते सोळा जण बसतात. २०२० या एका वर्षात देशातील लोहमार्गांवर ८,७०० हून अधिक माणसे गाडीखाली सापडून मेली, असे रेल्वेनेच माहितीच्या अधिकाराखाली कळविले. ज्या वर्षी प्रवासी गाड्या कित्येक महिने जवळजवळ बंदच होत्या त्या वर्षीचा हा आकडा आहे!

महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही सरकारांनी मृतांच्या वारसांस प्रत्येकी पाच लाख रुपये जाहीर केले. रेल्वे सुरक्षा आयुक्तांची चौकशी झाली. मृतदेह आगगाडीने जबलपूरच्या दिशेने रवाना करण्यात आले आणि तेथून पुढे उमरिया, शहडोलकडे गेले.

१ जून २०२० पासून काही प्रवासी गाड्या पुन्हा धावू लागल्या. भट्ट्याही पेटल्या आणि भट्टीपुढे उभे राहावयास माणसे पुन्हा येऊ लागली. मार्गावर विजेच्या तारा आल्या. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून मुंबईस वंदे भारत सुरू झाली आणि २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत नेण्यात आली. गाडी देखणी आहे, वेगवान आहे, आणि कुटुंबासह जाणाऱ्यांची मोठी सोय झाली आहे. तीत सामान्य डबा नाही. उत्तरेकडे जाणाऱ्या मजुराची गाडी निराळी: नांदेडहून अमृतसरास जाणारी सचखंड एक्स्प्रेस. तिच्या वाटेवर जालन्यासह काही स्थानकांवर शीख मंडळी लंगर चालवितात. गाडी थांबताच पातेली आणि बादल्या घेऊन सेवेकरी डब्याडब्यापाशी धावतात. ज्यांस ठाऊक आहे ते प्रवासी घरूनच ताटवाटी आणतात. ज्यांस ठाऊक नाही ते मिळेल ते भांडे पुढे करतात. वरण, भात, भाजी, पोळी. वाढणारा मनुष्य तिकीट विचारीत नाही. गाडीचा थांबा थोडा असतो, म्हणून सामान्य डब्याच्या खिडकीतून एका वेळी पाच-सात हात बाहेर आलेले असतात.